‘काय काय सोडलंत?’ असं विचारणारे सर

डॉ. केशव मांडवगणे सरांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी आरोपी होते. आरोप होता द्राक्षं खाण्याचा.

गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळतं. संपादक मंडळातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी ‘प्रथम परिचय, कार्य, स्वभावविशेष’ असा क्रमही प्रेमानं सुचवला होता. मी तो पाळणार आहे. पण माझा प्रथम परिचय ज्या अवस्थेत झाला, ती सांगितल्याशिवाय सरांचं कार्यही सांगता येणार नाही आणि स्वभावविशेष तर नाहीच. तेव्हा आरोपी म्हणूनच सुरुवात करते.

आज सरांच्या गंगापूर रोडवरच्या मधुमेह केंद्रात येणारे बहुतेक लोक मला ‘शोभाताई’ म्हणून ओळखतात. इन्सुलिन कसं घ्यायचं, सुई कुठं टोचायची, सणावाराला जेवायचं कसं, हे सांगणारी बाई ती मी. त्याआधी मी पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षांच्या गुणवत्ता विभागात पर्यवेक्षक होते. परदेशी जाणारा माल. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि कामावर असताना एकही मणी तोंडात टाकायचा नाही हा सक्त नियम. तो नियम बायका पाळतात की नाही, हे बघण्याचं काम माझ्याकडे होतं. मणी खाणाऱ्यांना पकडणारी मी, आणि गावानं मलाच पकडलं!

झालं असं. तिशी ओलांडून थोडे दिवस झाले होते. लेक नुकतीच शाळेत जायला लागली होती. खूप तहान लागायची, वजन उतरायला लागलं, दुपारनंतर उभं राहवेना. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मधुमेह निघाला. भला माणूस, आमच्या घरात त्यांना मान होता. ‘मोठ्या वयात होतो तो नेहमीचा, दुसऱ्या प्रकारचा,’ म्हणाले आणि गोळ्या सुरू केल्या. पहिले काही महिने साखर छान खाली आली. मग हळूहळू चढायला लागली. गोळ्या वाढवल्या, तरी चढली. आणखी एक गोळी आली, तरी तेच. शेवटी एके दिवशी रिपोर्ट हातात धरून ते म्हणाले, ‘‘ताई, मशीन खोटं बोलत नाही.’’

ते मुद्दाम टोचून बोलले नव्हते. पण माझ्या शेजारी माझ्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. मशीन खोटं बोलत नसेल तर खोटं कोण बोलतंय, एवढा हिशेब त्यांना जमत होता.

त्या दिवसापासून घरात मी संशयित झाले. दिवसभर द्राक्षांत उभी राहणारी बाई द्राक्षं खाणार नाही, हे कुणाला पटावं? शेजारच्या बायका हसून म्हणायच्या, ‘‘अगं, खाती त खा, पण कबूल तरी व्हय.’’ आत्याबाई माझा डबा धुण्याआधी आत नाक घालून बघायच्या. ओढणीला डाग आहे का, पिशवीच्या तळाशी देठ सापडतो का, याचा शोध चालायचा. यजमान काही बोलायचे नाहीत आणि ते न बोलणंच मला सगळ्यात लागायचं. एकदा तेही म्हणाले, ‘‘शोभा, एकदा खरं सांगून टाक ना. मी रागावणार नाही.’’ रागावले असते तर बरं झालं असतं, असं त्या वेळी वाटलं.

माझं खरं आहे हे दाखवायला मी नोकरी सोडली. आता द्राक्षं दिसणारच नाहीत म्हटल्यावर साखर उतरेल आणि सगळ्यांची तोंडं बंद होतील, असा माझा डाव. साखर उतरली नाही. आत्याबाई म्हणाल्या, ‘‘आता घरातलंच खात आसंल.’’ आणि मग एक नवीनच बोलणं सुरू झालं. मला काही महिने माहेरी पाठवावं, तिथं आईच्या डोळ्यांसमोर पथ्य होईल. लेकीची शाळा बुडायला नको म्हणून तिनं इथंच राहावं. मी पाण्याचा तांब्या उचलतानाही दमत होते, पण ते ऐकल्यावर रात्रभर लेकीला उराशी धरून जागी राहिले.

माहेरी पाठवण्याआधी एकदा नाशिकला दाखवू, असं यजमानांनी ठरवलं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांना बाकी सगळं माफ केलेलं आहे. त्यांच्या ओळखीतल्या कुणीतरी सरांचं नाव सांगितलं.

सरांना पहिल्यांदा बघून माझी निराशा झाली, हे आज लिहायला हरकत नाही. बुटकी मूर्ती, अर्ध्या बाह्यांचा चौकडीचा शर्ट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि तो गळ्यात असताना टेबलावर त्याचाच शोध चालू. आम्ही माझी जाडजूड फाइल पुढं केली. सरांनी ती हातात घेतली, उघडलीच नाही आणि बाजूला ठेवून दिली. ‘‘फाइल नंतर वाचू. आधी तुम्ही बोला.’’

मी तोंड उघडण्याआधी आत्याबाई सुरू झाल्या. ‘‘डॉक्टर, ती द्राक्षाच्या कंपनीत व्हती, तिथं...’’

‘‘आजी, तुमचाही नंबर लागेल,’’ सर हसून म्हणाले. ‘‘आत्ता यांचा आहे.’’

आणि मग त्यांनी मला तो प्रश्न विचारला. दोन वर्षं मला एकच प्रश्न विचारला जात होता: काय खाल्लंस? डॉक्टरांनी विचारला, घरच्यांनी विचारला, बसस्टँडवर भेटलेल्या मावशीनंही विचारला. सरांनी विचारलं, ‘‘ताई, काय काय सोडलंत?’’

 असं कुणी विचारेल हे मला ठाऊक नव्हतं. मग मी सांगायला लागले. साखर सोडली. चहा सोडला. भात, बटाटा, केळी, गूळ, सणाची पोळी. भाकरी अर्धीवर आणली. सकाळी कारल्याचा रस, दुपारी जांभळाच्या बियांची पूड, संध्याकाळी मेथीचं पाणी. लेकीच्या वाढदिवसाला केक कापला तेव्हा मी परसात जाऊन उभी राहिले, कारण तिनं घास पुढं केला असता तर नाही म्हणता आलं नसतं. आणि शेवटी म्हणाले, ‘‘नोकरी सोडली.’’

‘‘नोकरी का?’’

त्यावर मला रडू फुटलं. सरांनी रडू दिलं. ‘रडू नका’ म्हणाले नाहीत. पाण्याचा पेला पुढं सरकवला आणि आत्याबाईंकडं बघून म्हणाले, ‘‘आजी, एवढं सगळं सोडून दिलेली बाई चोरून खात असती, तर तिचं वजन एवढं उतरलं असतं का?’’

त्यानंतरची तपासणी आमच्या घरात आजही नक्कल करून सांगितली जाते. सरांनी मला मान वळवायला लावली आणि चष्मा लावून मानेची मागची बाजू निरखून पाहिली. आत्याबाईंना वाटलं, सून नीट आंघोळ करते की नाही हे बघताहेत, आणि त्या घाईनं म्हणाल्या, ‘‘रोज अंघोळ करती हां ती!’’ माझ्यावर आळ आल्यापासून माझ्या बाजूनं त्यांनी काढलेलं ते पहिलं वाक्य. सर एवढे हसले की चष्मा पुन्हा हरवला. मग त्यांनी समजावून सांगितलं. नेहमीच्या, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात पुष्कळदा मानेवर काळसर जाड पट्टा दिसतो, पोटाचा घेर वाढलेला असतो, घरात आईवडलांना साखर असते. माझी मान स्वच्छ, पोट खपाटीला गेलेलं, माहेरी कुणालाच मधुमेह नाही. शिवाय मला थायरॉइडची गोळी चालू होती आणि माझ्या आईच्या हातांवर कोड होतं. या दोन गोष्टी मधुमेहाच्या डॉक्टरला सांगायच्या असतात हेच आम्हाला माहीत नव्हतं. सरांनी त्या एकेक करून विचारून काढल्या.

‘‘तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे,’’ ते म्हणाले. ‘‘मशीन खोटं बोलत नाही. पण साखर किती आहे एवढंच मशीनला कळतं. ती कशानं वाढली ते त्याला कळत नाही. ते आपण विचारायचं असतं.’’

लघवीची तपासणी तिथल्या तिथं झाली आणि सरांचं हसू मावळलं. लघवीत कीटोन निघाले होते. म्हणजे शरीराला साखर वापरता येत नसल्यामुळे ते स्वतःचीच चरबी जाळत सुटलं होतं. मला त्याच दिवशी दाखल केलं आणि इन्सुलिन सुरू झालं. आणखी आठवडाभर माहेरी जाऊन पथ्य पाळत बसले असते, तर मी बेशुद्ध होऊन पडले असते आणि बहुधा उठले नसते. हे सरांनी मला नाही, यजमानांना बाहेर नेऊन सांगितलं. यजमानांनी मला ते पुष्कळ नंतर सांगितलं.

रक्ताची एक खास तपासणी मुंबईला पाठवली होती. तिचा निकाल आला तेव्हा सरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. मला झालेला मधुमेह पहिल्या प्रकारचा होता. तो लहान मुलांनाच होतो असं सगळे समजतात, पण कधीकधी तो मोठ्या वयातही येतो आणि दबक्या पावलानं येतो. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच चुकून स्वतःच्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मारत जाते. थायरॉइड आणि कोड हे पुष्कळदा याच बिघाडाचे भाऊबंद असतात. काही पेशी जिवंत असतात तोवर गोळ्या काम करतात, म्हणून तो दुसऱ्या प्रकारचा वाटतो. पेशी संपत आल्या की गोळ्यांनी काही होत नाही. ‘‘गाडीत पेट्रोल नाही आणि तुम्ही ॲक्सिलरेटर दाबताय, असं चाललं होतं,’’ सर म्हणाले. आमचे यजमान ट्रॅक्टरवाले, त्यांना ते लगेच पटलं.

‘‘म्हणजे द्राक्षं...?’’ आत्याबाईंनी विचारलं.

‘‘द्राक्षांचा काही संबंध नाही, आजी. द्राक्षं यांनी खाल्ली नाहीत. आणि खाल्ली असती, तरी हा आजार त्यांनी झाला नसता.’’

आत्याबाईंनी पदराचं टोक तोंडाशी धरलं.

आता कार्याकडं वळते, नाहीतर ज्येष्ठ डॉक्टर मला ओरडतील.

सरांच्या कामाचा व्याप मोठा आहे आणि त्यांच्या पदव्या, परिषदा, पुरस्कार यांच्याविषयी या ग्रंथात जाणत्यांनी लिहिलेलंच आहे. मी बरी झाल्यावर वर्षभरानं सरांनीच मला विचारलं, ‘‘पॅकहाऊसमध्ये शिस्त शिकवायचात, इथं इन्सुलिन शिकवाल का?’’ तेव्हापासून मी त्यांच्या दाराशी बसते. त्या जागेवरून जे दिसतं ते सांगते.

मधुमेह म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढं एकच आजार येतो. सर म्हणतात, ‘‘साखर वाढणं हे दारावरची बेल वाजण्यासारखं आहे. कोण आलंय ते दार उघडून बघावं लागतं.’’ कुणाच्या शरीरात इन्सुलिन आहे पण ते चालत नाही, कुणाच्यात ते संपलंय, कुणाला गरोदरपणापुरता मधुमेह झालाय, कुणाचं स्वादुपिंडच खराब झालंय, कुणाला दुसऱ्याच आजाराच्या औषधानं साखर वाढलीय. प्रकार चुकला की औषध चुकतं. आणि सरांचं खरं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. प्रकार चुकला की माणसावर आळ येतो. औषध लागू पडत नाही, डॉक्टर बुचकळ्यात पडतात आणि मग दोष रुग्णाच्या तोंडात शोधला जातो.

पेठ तालुक्यातल्या आमच्या शिबिरात एक मनुष्य आला होता. काडीसारखा झालेला. द्राक्षांच्या हंगामात पिंपळगाव-निफाडकडं मजुरीला येणारा, एरवी डोंगरात भात आणि नागली पिकवणारा. साखर भयंकर वाढलेली, त्यात पोट दुखायचं आणि दुखणं जुनं. आधीच्या ठिकाणी सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं की हा पितो. सरांनी विचारलं, ‘‘काका, पोट कधीपासून दुखतंय?’’

‘‘ल्हान व्हतो तईपासून,’’ तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, ‘‘आमी दारू नाय पीत, डाक्टर. माळकरी हाय. कोनी ऐकतच नाय.’’

त्याच्या गळ्यात माळ होती. शर्टाच्या आत होती म्हणून दिसत नव्हती, पण सरांनी ती बघितलीसुद्धा नाही. ‘‘तुम्ही म्हणता ना, मग झालं,’’ एवढंच म्हणाले आणि पोटाचा एक्स-रे काढायला लावला. स्वादुपिंडात खडे होते. लहानपणापासून ते साठत गेले होते आणि त्यांनीच पुढं साखर वाढवली होती. दारूचा काही संबंध नव्हता. त्याला इन्सुलिन आणि जेवणाबरोबर पचनाच्या कॅप्सूल सुरू झाल्या. पण वस्तीवर फ्रिज कुठला? पुढच्या शिबिरात सर जमिनीवरच बसले आणि एका मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून, त्यात छोटं मडकं बसवून, इन्सुलिन गार कसं ठेवायचं ते त्यांनी त्याच्या बायकोला दाखवलं. शर्टाला चिखल लागला. त्याच अवतारात संध्याकाळी एका सन्मान समारंभाला गेले आणि तिथल्या फोटोत तो डाग व्यवस्थित आलेला आहे. संपादकांनी तो फोटो या ग्रंथात घ्यावा, अशी माझी जाहीर मागणी आहे.

सर सगळ्यांना अहो-जाहो करतात. शाळकरी पोरांनासुद्धा. एखाद्या आठ वर्षांच्या मुलाला ‘काय म्हणताय तुम्ही?’ असं विचारलं की ते पोर आधी मागं वळून बघतं, कोणाशी बोलताहेत म्हणून. मग ताठ बसतं आणि खरं बोलतं. ही सवय कुठून आली, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘‘मला त्यांच्याकडून माहिती हवी असते. कामाच्या माणसाला अरे-तुरे कसं करायचं?’’

इथं मी सरांचे दोष नोंदवणार आहे, कारण निव्वळ स्तुती त्यांना खपत नाही आणि मलाही जमत नाही. सरांची ओपीडी कधीच वेळेत संपत नाही. रुग्णाला पहिल्यापासून बोलायला लावायचं म्हटल्यावर बाहेरच्या रांगेचं काय होणार? रांग मला बोलणी घालते, मी सरांना घालते, सर मान डोलावतात आणि पुढच्या पेशंटला म्हणतात, ‘‘हं, अगदी सुरुवातीपासून सांगा.’’ दुपारचा डबा त्यांनी दुपारी खाल्लेला मी क्वचितच पाहिला आहे. सगळ्या नाशिकला जेवणाच्या वेळा पाळायला सांगणाऱ्या माणसाची ही तऱ्हा! मिसळ दिसली की पथ्याची सगळी प्रवचनं विसरतात. वर ‘मटकीत प्रथिनं असतात’ असं मलाच ऐकवतात. तर्रीत काय असतं ते मात्र सांगत नाहीत.

हट्टी आहेत खरे, पण चूक कबूल करायला हा माणूस जितक्या लवकर तयार होतो, तितकं मी कुणाला पाहिलेलं नाही. विंचूरच्या एका मुलीला शाळेत असताना मधुमेह निघाला होता. बारीक अंगाची, वय लहान, त्यामुळे सरांनीच पहिला प्रकार ठरवून इन्सुलिन सुरू केलं. मुलगी मोठी झाली, कॉलेजात गेली. तिच्या घरी स्थळं यायला लागली आणि इन्सुलिनचं कळलं की परत जायला लागली. एके दिवशी तिला सोडायला आलेले तिचे वडील सहज म्हणाले, ‘‘मला बी साखरंच्या गोळ्या चालू हायेत, पंचविशीपासून. आमच्या म्हातारीलाबी तरुणपणीच झालती.’’ वडील सडपातळ. आजीही तशीच होती म्हणे.

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ‘‘हे मी तुम्हाला तेव्हाच विचारायला हवं होतं,’’ ते म्हणाले. मग त्यांनी मुलीला विचारलं, इतक्या वर्षांत इन्सुलिन कधी चुकलं का? ती घाबरत म्हणाली, हो, परीक्षेच्या वेळी बरेचदा चुकलं. ‘‘आणि काय झालं?’’ काहीच झालं नव्हतं. पहिल्या प्रकारात असं होत नाही. माझं इन्सुलिन चुकलं तर मला दवाखान्यात नेण्याची पाळी येईल. सरांनी पुन्हा सगळ्या तपासण्या करवल्या, जनुकांची तपासणी बाहेर पाठवली आणि निघालं ते वेगळंच. पिढ्यान्‌पिढ्या घरात चालत येणारा, तरुणपणीच दिसणारा आणि एका साध्या गोळीला चांगली दाद देणारा हा तिसराच मधुमेह होता. देखरेखीखाली हळूहळू तिचं इन्सुलिन बंद झालं.

ज्या दिवशी शेवटची सुई थांबली, त्या दिवशी सर आपल्या खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि त्या मुलीला म्हणाले, ‘‘माझी चूक झाली. मला क्षमा करा.’’ शिकाऊ डॉक्टर होते, मी होते, सगळ्यांसमोर म्हणाले. मुलगी बावरून वडिलांकडं बघायला लागली. वडील म्हणाले, ‘‘सर, तुमी आमाला देव...’’ सरांनी त्यांना मध्येच थांबवलं. ‘‘देव असतो तर तेव्हाच कळलं असतं.’’

तेव्हापासून सर केसपेपरवर मधुमेहाचा प्रकार शिसपेन्सिलीनं लिहितात. पेनानं लिहिलं की आपण विचार करायचं थांबवतो, असं त्यांचं म्हणणं. केंद्रातले तरुण डॉक्टर त्याची चेष्टा करतात, आणि एकेक करून त्यांच्याही खिशात पेन्सिली दिसायला लागल्या आहेत. त्या प्रकारानंतर सरांनी जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून तपासलं. मलाही तपासलं. मी घाबरले होते. इन्सुलिन बंद होईल या आशेनं नव्हे, तर माझ्यावरचा आळ पुन्हा परत येतो की काय या भीतीनं. निकाल तोच आला. सर म्हणाले, ‘‘शोभाताई, तुमचं पक्कं.’’ इतक्या आनंदानं पहिल्या प्रकारचा मधुमेह कुणी स्वीकारला नसेल.

आता द्राक्षांचं राहिलेलं सांगते आणि आवरतं घेते.

इन्सुलिन सुरू होऊन काही आठवडे झाले होते. वजन भरत होतं, लेकीला कडेवर घेण्याइतकी ताकद आली होती. तपासणीला आम्ही तिघं पुन्हा नाशिकला आलो. सरांनी ड्रॉवर उघडला आणि टेबलावर एका ताटलीत द्राक्षं ठेवली. हिरवीगार, लांबट मण्यांची.  मी मागं सरकले. दोन हंगाम मी द्राक्षाकडं नजर वर करून पाहिलं नव्हतं, आणि राहत होते पिंपळगावात!

‘‘इन्सुलिन घेतलंत ना? किती घ्यायचं ते ठरवून दिलं होतं तेवढं?’’

‘‘घेतलं.’’

‘‘मग मूठभर खा.’’

मला ते जमेना. हात पुढंच जाईना. आत्याबाई बघताहेत, हे बघताहेत, आणि मी त्यांच्यासमोर द्राक्षं खाणार?  मला वाटतं, सर आत्याबाईंचीच वाट बघत होते. शेवटी आत्याबाई उठल्या. घडातून एकेक मणी तोडून त्यांनी आपल्या ओंजळीत गोळा केले, माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, ‘‘खा गं बाई.’’ मी खाल्ले. पुढं सरांनी आम्हाला बसवून ठेवलं आणि दोन तासांनी साखर तपासली. अगदी जिथं असायला हवी होती, तिथंच होती. सरांनी ते मशीन आत्याबाईंच्या हातात दिलं. त्यांना आकडे वाचता येतात. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि मशीन पदरानं पुसून परत दिलं.

द्राक्षं वाटेल तशी खा, असा याचा अर्थ नाही. हे मी रोज दाराशी बसून लोकांना सांगते, इथंही सांगते. सरांना त्या दिवशी द्राक्षांविषयी काही सिद्ध करायचं नव्हतं. सून खरं बोलत होती, हे त्यांना एका सासूला सासूच्या हातानं कळू द्यायचं होतं. तपासणीचा निकाल कागदावर आधीच आला होता. पण तो घरापर्यंत पोचला नव्हता, हे ओळखणारा डॉक्टर मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पुढं आम्ही स्वतः लावलेल्या बागेत दर वर्षी द्राक्षांची तोडणी सुरू झाली की आत्याबाई पहिला घड देवापुढं ठेवतात आणि दुसरा सरांसाठी माझ्या पिशवीत घालतात. त्याच पिशवीत, जिच्या तळाशी त्या एकेकाळी देठ शोधायच्या. सर तो घड धुतात, मूठभर मणी आधी माझ्या हातावर ठेवतात आणि मग स्वतः खातात. आमचा हा ठरलेला कार्यक्रम आहे. रांगेतले लोक तेवढा वेळ थांबतात.

हा लेख लिहायला बसले तेव्हा आत्याबाईंना विचारलं, सरांविषयी काय लिहू? त्या आता थकल्या आहेत, ओट्यावर बसून असतात. मी मनात ठरवलंच होतं की ‘सरांनी माझा जीव वाचवला’ या वाक्यानं शेवट करायचा. ते वाक्यही मी त्यांना ऐकवलं. आत्याबाईंनी ‘नाही’ अशी मान हलवली.

‘‘तुझा त वाचलाच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पर तू मेली आसती ना, त मी जल्मभर ह्येच सांगत बसली आसती, का माजी सून चोरून खायाची. लेकीलाबी तुझ्या त्येच सांगितलं आसतं. ह्ये लिही. त्यांनी मला वाचवलं.’’

म्हणून हे लिहिलं. सर, तुम्ही पंचाहत्तरी पूर्ण केलीत. तुमच्या प्रकृतीची, डोळ्यांची आणि हरवणाऱ्या चष्म्याची काळजी घ्या. डबा वेळेवर खा. मिसळीचं काय करायचं ते मी सांगत नाही, फक्त तर्री जरा कमी. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य मिळो. आमची बाग दर हंगामाला फळो, दर हंगामाला आत्याबाईंच्या हातचा घड घेऊन मला तुमच्या दाराशी येता येवो, आणि बाहेर रांग कितीही वाढली तरी आत बसलेल्या माणसाला तुम्ही विचारत राहा: काय काय सोडलंत?